पडण्याची नोंद होते, बसून राहण्याची नाही

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला त्याच्या सातव्या दिवशी मी एक उद्योग केला, तो बघून शेजारच्या कॉटवरच्या पेशंटची बायको हसली. शंभर पानी वही घेतली आणि सकाळी सातपासून दर अर्ध्या तासाने अण्णा काय करताहेत ते एका ओळीत लिहीत गेलो. रात्री साडेआठला थांबलो तेव्हा २८ नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या दोनच उभं असल्याच्या. एक साडेदहाची, फिजिओ मॅडम आल्या तेव्हाची. दुसरी दुपारी तीनची, मावशींनी चादर बदलायला त्यांना दोन मिनिटं कॉटच्या कडेला धरून उभं केलं तेव्हाची. पाच वेळा ते पाठीशी उशा लावून बसलेले होते. उरलेल्या २१ नोंदींत एकच शब्द: आडवे. दुपारची डुलकी सोडली तर झोपलेले नव्हेत, नुसते आडवे. डोळे उघडे, नजर पंख्यावर.

हा माणूस ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होता. घाटातल्या वळणावर दांड्याला पाठ टेकवून, दोन्ही हात मोकळे ठेवून सुट्टे पैसे मोजणारा. झटक्याने डावी बाजू लुळी पडली होती, पण पुरती नव्हे. फिजिओ मॅडम कमरेचा पट्टा धरून त्यांना वॉर्डाच्या दारापर्यंत चालवत नेत आणि परत आणत. रक्तदाब आटोक्यात आला होता, गिळता येत होतं, डॉक्टर परवा सोडू म्हणाले होते. दोन दिवसांनी घरी जायचा माणूस सगळा दिवस पंखा बघत होता, आणि ही उपचारातली उणीव आहे असं वॉर्डात कुणालाच, मलासुद्धा आदल्या दिवसापर्यंत, वाटलं नव्हतं. भेटायला येणारे म्हणत, छान आराम चाललाय.

उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. तोंड वाकडं झालेलं दिसताच आम्ही गाडीत घातलं, साडेचार तासांची मुदत संपायच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. एवढं आता छोट्या शहरांतही होऊ लागलंय आणि लोकांना ठाऊकही झालंय. पहिल्या साडेचार तासांसाठी फलक लागतात, शिबिरं होतात, व्हॉट्सॲपवर निरोप फिरतात. त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत पेशंट जागा असताना नक्की काय करतो, हा प्रश्न मात्र कुणाच्याच टेबलावर नसतो.

माझ्या वहीसारखंच काम ज्युली बर्नहार्ट या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने फार नेटकेपणाने केलेलं आहे. मेलबर्नमधल्या पाच पक्षाघात कक्षांतले ५८ रुग्ण, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर दहा मिनिटांनी एक नोंद. २००४ साली निष्कर्ष छापून आले. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ रुग्ण अंथरुणात होते, ६० टक्के वेळ एकटे होते, आणि पुढची गुंतागुंत टळेल अशी हालचाल फक्त १३ टक्के वेळ होत होती. हे श्रीमंत देशातल्या खास पक्षाघातासाठीच्या वॉर्डांत. आपल्याकडे एकटेपणाचा प्रश्न कमी, कॉटभोवती माणसं असतातच. पण त्या माणसांचा उपयोग काय होतो? अण्णा कोपरावर जोर देऊन जरा उठायला गेले की चार हात पुढे येत आणि चार तोंडं म्हणत, ‘पडा, पडा, उठू नका.’

इथे एक घोळ सोडवायला हवा. बसून राहणं आणि व्यायाम न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं राहून जो वेळ जातो, ज्यात शरीर विश्रांतीपेक्षा फार तर दीडपट शक्ती खर्च करतं, त्याला आरोग्यशास्त्रात बैठं वागणं म्हणतात. झोप यात धरत नाहीत. सकाळी अर्धा तास नीट व्यायाम करून उरलेले बारा तास खुर्चीत काढणारा माणूस व्यायामीही असतो आणि बैठाही. आपल्याकडे ‘फिजिओ लावलाय’ म्हटलं की हालचालीचा विषय मिटला असं समजतात. फिजिओ दिवसातला अर्धा तास असतो. बाकीच्या दिवसाचं काय, हे विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आराम करू द्या.’

आणि हा दवाखान्यात पडलेला दिवस दवाखान्यात राहत नाही, पेशंटबरोबर घरी जातो. ऑस्ट्रेलियातल्याच एका मोजणीत झटक्यातून उठून घरी राहणारी माणसं दिवसाला जवळपास ११ तास बसलेली आढळली. त्यांच्याच वयाची, झटका न आलेली माणसं सव्वाआठ तास. हा फरक निव्वळ लुळ्या पायाचा म्हणावा, तर ज्यांना बऱ्यापैकी चालता येतं तेही बसूनच असतात. सवय लागलेली असते. ती लावणारी पहिली शाळा म्हणजे वॉर्ड. तिथे पेशंटसाठी खुर्ची नसते. आमच्या वॉर्डात प्रत्येक कॉटजवळ एक बाकडं होतं, ते नातेवाइकाच्या झोपण्याचं. जेवण कॉटवर, औषध कॉटवर, तोंड धुणं कॉटवर. उठण्याचं एकच कारण शिल्लक होतं, ते म्हणजे संडास-बाथरूम. लघवीची नळी पाचव्या दिवशी काढली आणि त्या जागी डायपर आला. दोन माणसांनी धरलं तर अण्णा सहज जाऊ शकत होते. पण रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एक मामा. अण्णांनी ‘मला उठवा’ म्हटलं तेव्हा तो बिचारा अगदी प्रेमाने म्हणाला, ‘डायपर आहे ना अण्णा, त्यातच करा.’ ७२ वर्षांचे अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या रात्री मी तिथेच होतो, आणि मीही उठलो नाही. मला वाटलं, असंच असतं.

लंडनमध्ये १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी बसच्या ड्रायव्हरांची आणि कंडक्टरांची तुलना छापली होती. डबलडेकरमध्ये दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. अण्णांना हे मी वॉर्डात सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग मला कसा आला?’ रास्त प्रश्न आहे. रिटायर झाल्यावर १४ वर्षं ते काय करत होते याचं उत्तर आमच्या हॉलमधल्या खुर्चीला पडलेल्या खळग्यात आहे.

दोष एकट्या दवाखान्याचा नाही, तो आमच्या आदराच्या रीतीचाही आहे. ‘आयुष्यभर राबलात, आता बसून खा.’ याहून मोठा आशीर्वाद मराठी घरात म्हाताऱ्या माणसाला मिळत नाही. बसल्या जागी पाणी मिळणं हा सुनेच्या वळणाचा पुरावा. गंमत म्हणजे भाषेला बसण्यातला धोका चांगला कळतो. धंदा बसतो, आवाज बसतो, पावसात भिंत बसते, आणि कुणाचंच त्यात बरं झालेलं नसतं. फक्त माणूस बसला की आपण त्याला सुख म्हणतो. त्यात झटका आलेला माणूस म्हणजे काचेचं भांडं. मालिशवाला लावतील, तेल कोमट करून देतील, पण मालिश म्हणजे पुन्हा पेशंट आडवा आणि मेहनत दुसऱ्याची.

सातव्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन सिस्टरांकडे गेलो. त्या दमलेल्या होत्या, तरी वाचलं. मग म्हणाल्या, ‘उठवलं आणि पडले तर? तुम्हीच उद्या भांडायला याल.’

खरं सांगायचं तर आलो असतो.

माझ्या मते सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. पेशंट पडला तर त्याची नोंद होते. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या संस्थेचं मानांकन हवं असलेल्या रुग्णालयाला रुग्ण पडण्याचं प्रमाण मोजावं लागतं, आणि ते योग्यच आहे, कारण खुब्याचं हाड मोडलं तर झटक्यातून वाचलेला माणूस अनेकदा पुन्हा उठत नाही. पाठीला जखमा झाल्या तर त्यांचीही मोजदाद होते. पण दहा दिवस एका जागी काढल्याने मांडीचा स्नायू ओसरला, साखर चढली, पोटरीत गुठळी धरली, मनाने हाय खाल्ली, तर ते कुणाच्या पाळीत झालं हे सांगता येत नाही. पडणं एका क्षणात घडतं, त्याला साक्षीदार असतो, जबाबदार माणूस सापडतो. बसून राहणं थोडंथोडं घडतं आणि त्याचा धनी कुणी नसतो. सिस्टरांच्या जागी मी असतो तर मीही कॉटचा कठडा वर करून ठेवला असता. त्यांना दोष देणं सोपं आणि बिनकामाचं आहे. मोजायचं काय हे वरून ठरतं, आणि वरून फक्त पडणं विचारलं जातं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे: झटक्याच्या पेशंटला घरी सोडण्याआधी तो जागेपणी किती वेळ बसून किंवा आडवा असतो हे रुग्णालयाने मोजावं, लिहावं, आणि ते कमी करण्याचं काम कुणाचं हेही ठरवावं. रक्तदाबाचा तक्ता जसा कॉटच्या पायथ्याशी लटकतो तसा.

याला एक भक्कम आक्षेप आहे आणि तो त्याच बर्नहार्ट बाईंच्या कामातून येतो. रुग्ण पडून राहतात हे दाखवल्यावर त्यांनी पुढची पायरी तपासली: झटका आल्यावर २४ तासांच्या आतच उठवायला सुरुवात केली आणि जास्त वेळा उठवलं तर? पाच देश, ५६ रुग्णालयं, २१०४ रुग्ण. ‘ॲव्हर्ट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला आणि तो अपेक्षेच्या उलट होता. लवकर आणि भरपूर उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचं प्रमाण कमी निघालं. आपल्याच आवडत्या कल्पनेविरुद्धचा आकडा त्यांनी लपवला नाही, याबद्दल मला त्या बाईंचं फार कौतुक वाटतं. पुढे त्याच आकडेवारीची उकल करताना असंही दिसलं की थोडा थोडा वेळ पण वारंवार उठवणं, एका दमात फार वेळ उठवण्यापेक्षा बरं ठरतं. तेव्हा पहिल्या दिवशी घाई नको, हे मान्यच. माझी वही सातव्या दिवसाची होती. डॉक्टर सोडायला तयार, नाडी-रक्तदाब स्थिर, आणि तरीही आडवे, अशा माणसाबद्दल मी बोलतोय.

अशा माणसाने करायचं तरी काय? डोंगर चढायचा नाही. दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटं उभ्याने काही हलकं करायचं, कट्ट्याला धरून टाचा उचलायच्या, जागच्या जागी पाय हलवायचे. झटका येऊन गेलेल्या लोकांवरच्या एका छोट्या प्रयोगात एवढ्यानेही दिवसभराचा वरचा रक्तदाब थोडा उतरलेला दिसला. थोडाच, पण ज्याला पुन्हा झटका यायची भीती आहे त्याच्यासाठी थोडाही कामाचा. ज्याला उभंच राहता येत नाही त्याने कॉट सोडून खुर्चीत ताठ बसून जेवणं, हीसुद्धा त्याच्यापुरती हालचालच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्यांदाच अपंगत्व असलेल्यांसाठीही बसण्याचा वेळ कमी करा असं वेगळं सांगितलं. ब्रिटनच्या २०२३ च्या पक्षाघात सूचनांनी तर मापच बदललं. पूर्वी तिथे दिवसाला ४५ मिनिटांच्या उपचाराची भाषा होती. आता हालचाल परत मिळवायची आहे अशा रुग्णाला आठवड्यातून किमान पाच दिवस, दिवसाला किमान तीन तास वेगवेगळे उपचार, आणि दिवसाचे सहा तासांपर्यंत तो हलता राहावा म्हणून मदत, असं लिहिलंय. तिथेही हे सगळं घडतं असं नाही, माणसं कमीच पडतात. पण निदान कागदावर उरलेला दिवस आला.

आपल्याकडे कुणीतरी लगेच म्हणेल, एवढे फिजिओ आणायचे कुठून, घरचे आहेत की. इथे थांबा. हे भारतात करून पाहिलेलं आहे. १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण, ‘अटेंड’ नावाची चाचणी. नातेवाइकाला दवाखान्यातच शिकवायचं आणि घरी त्याने पेशंटचं पुनर्वसन करायचं. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. काहीही फरक नाही. याचा अर्थ घरचे निरुपयोगी असा मी काढत नाही. घरचे आधीच जे करत होते त्यावर आणखी एक शिकवणी लादून तज्ज्ञाची जागा भरत नाही, असा काढतो. आणि ‘घरचे’ म्हणजे कोण, हेही एकदा स्पष्ट बोलू. घरचे म्हणजे बायको, सून, नाहीतर माहेरी बोलावून घेतलेली लेक. आमच्याकडे आई. तिचे स्वतःचे गुडघे गेलेत. तिला मी दिवसातून चार वेळा व्यायाम घ्यायला सांगणार होतो?

पण बसणं कमी करायला तिच्यावर नवं काम टाकावं लागत नाही, उलट तिची काही कामं काढून घ्यावी लागतात. पाणी हातात द्यायचं नाही. रिमोट खुर्चीजवळ ठेवायचा नाही. मालिकेत जाहिराती लागल्या की उभं राहायचं, एवढा एक नियम. फिजिओ मॅडमनी हे आम्हाला जाताजाता सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. हे ऐकायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात कठीण जातं. अण्णांना तांब्यापर्यंत जाऊन यायला आठ मिनिटं लागतात, आईला पाणी आणून द्यायला अर्धं मिनिट. ती आठ मिनिटं हात बांधून बघत बसायची, हे चाळीस वर्षं ताट वाढून दिलेल्या बाईला सोपं नाही. हे तिला दवाखान्यात, पेशंटसमोर, पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगायला हवं, म्हणजे घरी ती निर्दय ठरत नाही. ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डच्या संशोधकांनी ‘रिक्रिएट’ म्हणून जो उपक्रम उभा केला त्याचा रोख हाच आहे: सुरुवात वॉर्डात, कर्मचाऱ्यांना शिकवून, आणि मग तेच घरी चालू ठेवायचं.

आमच्या बाबतीत डिस्चार्जचा दिवस कसा गेला तेही सांगतो. सकाळी दहाला राउंडवर ‘आज घरी’ असं कळलं. विमा कंपनीची मंजुरी संध्याकाळी सहाला आली. आठ तास. अण्णा शर्ट-पँट घालून, केस विंचरून कॉटवर बसून होते, कारण आता ते कुणाचेच पेशंट नव्हते. फिजिओची फाइल बंद झाली होती. त्या आठ तासांत एखाद्याने आम्हाला मोबाइलवर घराचा व्हिडिओ मागवायला सांगितलं असतं, पलंगापासून मोरीपर्यंतचा, तर उंबरा केवढा, धरायला काय, मोरीत ओल किती, हे दिसलं असतं आणि अण्णांना तिथल्या तिथे जिन्याच्या दोन पायऱ्यांवर तो उंबरा चढायला शिकवता आला असता. खर्च शून्य. मग कागद हातात आला. नऊ गोळ्या, कुठली जेवणाआधी, कुठली नंतर, मिठाचं प्रमाण, १५ दिवसांनी दाखवायला येणे, फिजिओथेरपी चालू ठेवणे. उठण्या-बसण्याबद्दल एक अक्षर नाही. वॉर्डाच्या दारापर्यंत चालू शकणाऱ्या अण्णांना नियमाप्रमाणे व्हीलचेअरवर बसवून गेटपर्यंत सोडण्यात आलं.

सरकारकडून मी फार मोठं मागत नाही. मधुमेह, हृदयविकार यांच्यासाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कार्यक्रमाच्या नावातच पक्षाघात हा शब्द होता. २०२३ मध्ये नाव आखूड केलं तेव्हा तो शब्द गेला. त्याच कार्यक्रमात आशाताई तिशीपुढच्या लोकांची माहिती घरोघरी जाऊन भरतात. ज्या घरात झटक्याचा पेशंट परत आलाय तिथे ‘गोळ्या घेता का’ याच्या जोडीला ‘दिवसात किती वेळा उठता’ हा एक प्रश्न त्यांना विचारता येईल, अर्थात त्या जास्तीच्या कामाचे पैसे त्यांना देऊन. फुकटच्या बाईमाणसांवर आरोग्यव्यवस्था चालवायची हौस आता पुरे. महात्मा फुले योजनेसारख्या योजनांत किंवा खाजगी विम्यात शस्त्रक्रियेला, आयसीयूला, इंजेक्शनला भाव ठरलेले असतात. पेशंटला संडासापर्यंत चालवत नेणाऱ्या दुसऱ्या मामाचा भाव त्यात धरलेला नसेल, तर रुग्णालय त्याला नेमणार कशाला? डायपर स्वस्त पडतो. आणि त्याचं बिल आपणच भरतो.

घरी येऊन आता पाच आठवडे झाले. वही चालू आहे, फक्त ती अण्णांनी स्वतःकडे घेतलीय. उठल्यावर उजव्या हाताने एक रेघ मारतात, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. कधी दिवसाच्या २० होतात, कधी रुसले की सहा. मागच्या रविवारी आत्या बघायला आली. अण्णा काठी टेकत तांब्याकडे निघालेले, आई मुद्दाम पाठ करून भाजी निवडत बसलेली. आत्या ताडकन उठली, तांब्या-भांडं आणून भावाच्या हातात दिलं आणि आईकडे बघून म्हणाली, ‘वहिनी, एवढंही होत नाही का गं?’ आई काही बोलली नाही. अण्णा मधल्या मधे उभे, एका हातात काठी, दुसरा अजून नीट वळत नाही, त्यामुळे भांडं धरायचं कसं हा प्रश्न. शेवटी त्यांनी पाणी न पिताच भांडं आत्याला परत दिलं आणि म्हणाले, ‘ठेव तिथंच. माझी रेघ जाईल.’